डाव्या पायाचा मोजा

बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला आणि त्यांच्यापुरती डावी बाजू जगातून पुसलीच गेली. डोळे ठणठणीत होते, पण डावीकडच्या गोष्टींची मेंदू दखलच घेत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची आणि वर "आज चटणी का नाही केली?" म्हणून आईवर चिडायचे. स्वतःचा डावा पायसुद्धा त्यांना परका झाला होता. एकदा मला म्हणाले, "हा कोण झोपलाय माझ्या पलंगावर? पाय काढ म्हणावं त्याला." मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आमचं गाव हिंदी मुलखातलं. व्यायाम करून घ्यायला येणारे भैया रोज बजावायचे, "दीदी, जब तक ये उस पैर को अपना नहीं मानेंगे, चल नहीं पाएँगे." त्यांनीच सुचवलं, डाव्या पायात झगझगीत मोजा घाला, नजर खेचून घेईल असा.

आई कडाडली, "एकाच पायात रंगीत? माणसाची काय सर्कस करायचीय? घालायचे तर दोन्ही पायांत घाला." आमच्या घरात आईपुढे कोणाचं चाललंय!

मोजे मीच विणायचे ठरवून लोकर आणायला बड्या बाजारात गेले तर दुकानदार "जिज्जी, मर्दों में तो यही चलता है" म्हणत करडी नाहीतर तपकिरी लोकर पुढे करत राहिला. शेवटी वैतागून पांढऱ्या लोकरीच्या दोन लड्या आणि केशरी रंगाची पुडी घेतली. म्हटलं, घरीच रंगवते, काय मोठंसं!

इथेच मी माती खाल्ली. पातेलं लहान, म्हणून एका वेळी एकच लडी उकळत्या रंगात सोडली. पहिलीनं अधाशासारखा सगळा रंग पिऊन टाकला, दुसरीच्या वाट्याला उरलंसुरलं पाणी आलं. पहिली पळसफुलासारखी भडक, दुसरी आजारी माणसासारखी फिक्कट. दोन्ही लड्या एकदमच रंगात टाकायच्या असतात, एवढी साधी अक्कल मला नसावी? पण पुन्हा रंगवायचा दम कोणात होता! शाळेत शिकवून यायचं, वह्या तपासायच्या आणि मग विणायला बसायचं. तसेच विणले. भडक डाव्या पायाला, फिक्कट उजव्या.

"शोभा केलीस," आई म्हणाली.

दहा-बारा दिवस काही नाही. बाबा उजव्या पायाकडे बघून "ऊब छान आहे हो" म्हणायचे, संपलं. माझा धीर सुटत चालला होता. भैयांचासुद्धा चेहरा पडलेला दिसायचा.

मग एका सकाळी बाबा खुर्चीत बसले होते. आईनं त्यांचा डावा पाय उचलून उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि मोजा चढवायला घेतला. बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"काय गं, हे मोजे दोन रंगांचे कसे?"

आईचे हात जागीच थांबले. "कुठे दोन रंगांचे?" आईनं जपून विचारलं.

"अगं, तो फिक्कट आहे आणि हा भडक! दिसत नाही का तुला?" असं म्हणत त्यांनी उजवा हात पुढे नेला, अर्धवट चढलेल्या मोज्यावर ठेवला. मग घोटा चाचपला. बराच वेळ चाचपत राहिले.

"केवढा गार पडलाय माझा पाय," बाबा म्हणाले. "आणि तुम्ही मला कोणी सांगितलं नाहीत."