पूर दोन दिवसांनी येतो

दादा गेल्याचं शेजारच्यांच्या फोनवर कळलं. पायात चप्पल सरकवून तशीच सक्करदऱ्याला, त्याच्या घरी निघाले, आणि वाटभर डोक्यात एकच... आता विचारायचं कुणाला? आज पोळा तोंडावर आला, तरी एका जागी बसवत नाही.

माझा हा थोरला भाऊ पाटबंधाऱ्याच्या नागपूरच्या कचेरीत कारकून. वरून, म्हणजे शिवनी-बालाघाटकडून, पावसाच्या तारा यायच्या, त्या उतरवून घ्यायच्या, एवढंच काम. पण जेवतानाही नद्याच. "जुलैत जमीन तहानेली राहते, पाणी पिऊन घेते. पोळ्याच्या सुमारास तिचं पोट भरलेलं. मंग वरतं पडलेलं सारं खाली येते. वैनगंगेले भंडाऱ्याले यायले दोन दिवस लागते. तवा तिथं ऊन राहते, अन् लोक फसते." मला दिलेली भंडाऱ्यापलीकडे, नदीकाठच्या गावात. हे ऐकून माझा जीव टांगणीला, आणि हा मात्र आणखी एक पोळी मागून घ्यायचा!

एका पोळ्याला तो माझ्या दारात उभा. "वरतं गजब पाणी पडून राहिलं. चाल माझ्यासंगं." आभाळ कोरडं, अंगणात बैलांवर झुली चढवलेल्या. सणाच्या दिवशी सुनेला न्यायला आलेला भाऊ पाहून सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी गेले नाही. पूरही आला नाही. दोन महिने गावानं केलेली टिंगल मी ऐकली, आणि दिवाळीला त्याच्यावर तडकले, "दादा, तुझी नदी तुझ्यापाशी ठेव. पुन्हा माझ्यापुढं तिचं नाव काढू नको!"

पुढच्याच वर्षी, तशाच उन्हात, पाणी आलं. आम्ही टेकाडावरच्या देवळात पळालो म्हणून वाचलो. घर बसलं, एक बैल दाव्यासकट गेला. दादाचा निरोप नव्हता. त्याला ठाऊक नव्हतं असं कसं मानू? पुढे आम्ही नागपूरलाच आलो, दर रविवारी त्याच्याकडे जाऊ लागलो. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. माझ्या शब्दांचा त्यानं सूड घेतला, असं मनात यायचं, आणि असं मनात येतं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

तेरावं आटोपल्यावर वहिनीला विचारून टाकलं, पुराच्या साली दादानं निरोप का धाडला नाही? ती कप विसळत होती.

"तुम्हाले माहीतच नाही? त्या साली वरची तारच उशिरा आली. आली तसे पहिल्या बसनं निघाले होते. पण पूल पाण्याखाली. दोन दिवस अलीकडच्या काठावर बसून राहिले. पाणी उतरल्यावर पलीकडून पहिली नाव आली, तिच्यातल्या लोकांनी तुम्ही सारे सुखरूप म्हणून सांगितलं, तवा परतले."

"मग मले भेटला काहून नाही?"

"भेटलो तं नदीचंच बोलणं निघन, म्हणाले. तुम्ही नाव काढू नको म्हटलं होतं ना..."

अठरा वर्षं मी दर रविवारी त्याच्यासमोर बसून चहा प्याले, आणि मनातल्या मनात त्याला दोष देत राहिले. त्याची खुर्ची अजून तिथंच आहे. परवा तिच्यासमोर बसायला गेले, बसवलं नाही.