सगळे दर एकदम

धाकटा भाऊ ऐन सीझनमध्ये वाटणी घेऊन रोह्याला कंपनीत लागला, ते मी विसरलेलो नाही. पेणमधला आमचा गणपतीचा कारखाना मग मी एकट्याने ओढला. जवळच्या जोहे गावातून न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती उचलताना एकेका नगामागे घासाघीस केली, तेव्हा कुठे तो उभा राहिला. भावाने एकच काम सोडलं नव्हतं. वेबसाइट त्याने बनवलेली, म्हणून मूर्तींचे नवे दर दरवर्षी तोच चढवायचा.

होळी झाली की सुट्टी काढून यायचा. मी दर सांगायचो, तो एकेक भरायचा. एक मूर्ती बदलली की साइट शोधासाठीची सगळी यादी नव्याने जुळवत बसायची. तोवर आम्ही भांडायचो.

"एवढा दर? गिऱ्हाईक पळंल, दादा."

"तू पगार घे. धंदा मला शिकवू नको."

आई गेल्यावर आमचं तेवढंच बोलणं उरलं होतं. तरी मी ओरडायचोच, "किती वेळ खातोस! सुधार की काहीतरी."

यंदा त्याचा फोन आला. "मी येत नाय. दरांची शीट पाठव, इथूनच करतो."

पाठवली नाही. दिवस मोडणार म्हणून कारखाना बंद ठेवला आणि शीट घेऊन स्वतःच रोह्याची गाडी पकडली.

भावजयीने चहाचं आधण ठेवलं. भावाने लॅपटॉप उघडून समजावलं: आता सगळे बदल एका गठ्ठ्यात जातात, तेही फक्त दरांचे; फोटो, माहिती तशीच राहते. यादीची जुळणी मध्ये बंद, शेवटी एकदाच.

चहाला उकळी यायच्या आत म्हणाला, "झालं."

"सगळं?"

"व्हय. शोधून बघ."

मी मोबाइलवर 'पाटावरची दीड फुटी' शोधली. नवा दर. 'बालगणेश' शोधला. नवा दर. शोधतच राहिलो.

"सिंहासनवाली महाग लावलीय," मी म्हणालो.

"तूच लावलीस ना?"

"मग बोलला का नाहीस? नेहमी बोलतोस."

तो हसला आणि त्याने घड्याळाकडे बघितलं. दुपारची शिफ्ट होती.

परतताना निडी स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा मी सिंहासनवालीचा दर मनात खाली आणला आणि त्याला फोन लावला. कंपनीत शिरताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी पूर्ण वाजू दिला.