शनिवारचा पत्ता

पुलाच्या बरोबर मध्यावर एक पितळी पट्टी ठोकलेली आहे. पट्टीच्या अलीकडे आयोवा, पलीकडे नेब्रास्का. शिफ्रा हॉलँडर दर शनिवारी त्या पट्टीवर पाय पडू न देता पलीकडे जायची, उंबरा ओलांडावा तशी. त्या शनिवारीही ती तशीच गेली आणि वळून म्हणाली, "चल गं वत्सला, नदी काही पळून जात नाही. मासे मोजतेस का?"

"गुडघे मोजतेय. घरून निघताना दोन होते, एक मागे राहिला."

"डॉक्टरांनी साखरेसाठी पाय चालवायला सांगितलेत, जीभ नाही."

ऑगस्टचा शेवट होता. नदीवर वारा नव्हता आणि मक्याच्या शेतांवरून उकडलेल्या पाल्यासारखा वास येत होता. आम्ही अर्धा तास चाललो होतो, तिच्या सिनेगॉगपर्यंत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहापर्यंत, अजून तासभर होता. मी तिथल्या फाटकापर्यंत जायची आणि परतताना बस धरायची. तिला ती सोय नव्हती. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, ती गाडीत बसायची नाही, पेन हातात धरायची नाही, दिवा लावायची नाही की विझवायची नाही.

पन्नाशीला टेकलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी केस झाकायची रीत तिने सोडली नव्हती. डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला असायचा. हात कायम मोकळे, कारण शब्बाथला घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही. म्हणून घराची किल्ली तिने कमरपट्ट्यालाच आकड्यासारखी जोडून घेतली होती. किल्ली काढली तर पट्टा सुटायचा.

"आणि पाऊस आला तर? छत्री पण नाही घेत तू."

"तर भिजते. विरघळल्याचं अजून तरी कुणी सांगितलं नाही."

ती मूळची शिकागोची. चार वर्षांपूर्वी तिचे इथले झाल्मनमामा पायऱ्यांवरून पडले, तेव्हा त्यांना बघायला म्हणून आली आणि राहिली. मामा अठ्ठ्याऐंशीचे, ओसरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचे. आम्ही निघालो की ओरडायचे, "निघाल्या दोन राज्यांच्या महाराण्या! घोडे कुठं गेले?" शिफ्रा गावातल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. आधी स्वयंपाकघरात, मग म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, भरवायला. एकदा एक म्हातारी तिचा हात धरून शेवटचे श्वास घेत होती, तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, तुम्ही बाजूला व्हा, तुमचं शिक्षण नाही. शिफ्रा बाजूला झाली. म्हातारीचा हात मात्र हवेत तसाच राहिला. त्या रात्री घरी येऊन तिने आमच्या विद्यापीठात नर्सिंगचा अर्ज भरला.

तो अर्ज घेऊन ती ज्या खिडकीशी आली, तिथे मी बसते.

आमचं ऑफिस लहान. माझ्याकडे दोन खिडक्या. एका खिडकीत निवासाच्या फायली: विद्यार्थी गेले बारा महिने सलग या राज्यात, म्हणजे आयोवात, राहतो की नाही हे ठरवायचं. राहत असेल तर फी रहिवाशाची, नसेल तर तिप्पट. दुसऱ्या खिडकीत धार्मिक रजेचे अर्ज: कुणाचा सण परीक्षेच्या दिवशी आला तर तारीख बदलून द्यायची. आमच्या साहेबीणबाई, मार्लीस, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "वत्सला, या खिडकीची हवा त्या खिडकीत जाऊ द्यायची नाही." नियमातही तसंच लिहिलेलं आहे. सणाच्या रजेचा कागद दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही.

रजेच्या अर्जात कारणासाठी एक ओळ सोडलेली असते. मुलं त्यात 'सण' एवढंच लिहितात. शिफ्राने मागचं पान भरून लिहिलं. शनिवारची प्रात्यक्षिक परीक्षा नको, वर्षातले अकरा दिवस वर्ग नकोत, आणि त्या दिवसांत मी कुठे असते, तर नदीपलीकडे गिटल रोझेनबाईंच्या घरी, सिनेगॉगजवळ. दर शुक्रवारी तिथे मुक्काम, सणांना तिथे मुक्काम. तारखांसकट सगळ्या रात्री लिहिल्या होत्या. एखादी गाळली तर ते खोटं होईल असं तिला वाटलं असणार.

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

खरं सांगायचं तर गौरी-गणपतीत मी एकवीस वर्षं त्या खिडकीशी बसलेली आहे. कधी रजा मागितली नाही. मागितली असती तर मिळाली असती, अर्ज माझ्याच खणात होते. पण काय सांगायचं, कसं समजवायचं, लोक काय म्हणतील, असं करत गौरी दर वर्षी संध्याकाळी घाईघाईने बसवल्या आणि सकाळी त्यांना एकटं सोडून कामावर आले. आणि ही बाई भाजी मागावी तशी अकरा दिवस मागत होती. मान खाली नाही, आवाज हळू नाही.

मी तिची तारीख बदलून दिली. मग त्या पानाची प्रत काढली, शुक्रवारांभोवती पेन्सिलने गोल केले आणि ती निवासाच्या फायलीत लावून टाकली. मनाशी म्हटलं, खरं आहे तेच लावतेय. संध्याकाळी देवापुढे नेहमीसारखं निरांजन लावलं. हे मला आता सगळ्यात जास्त लागतं.

समितीने निर्णय दिला की दर आठवड्याला ठरून परराज्यात मुक्काम आहे, सबब सलग वास्तव्य नाही. तिप्पट फी तिला झेपणारी नव्हती. नर्सिंगची जागा वर्षभर राखून ठेवतात, ते वर्ष आता संपत होतं. अपिलाची तारीख मंगळवारची होती. मंगळवारी हरली तर जागा गेली आणि पन्नाशीत पुन्हा रांगेत उभं राहायचं नव्हतं तिला.

निर्णय आल्यापासून तिने गिटलबाईंकडचा मुक्काम सोडला. शुक्रवारी मामांच्या घरी झोपायचं आणि शनिवारी सकाळी पायी जायचं. बायकांना सिनेगॉगचं बंधन नाही म्हणे, पण तिचं म्हणणं, "घरात एकटीने म्हटलेलं मला पुरत नाही." जुलैत एका शनिवारी मी साखरेचं चालणं चालत पुलावर गेले आणि ती भेटली. परत फिरायला हवं होतं मी. फिरले नाही. ऑगस्टअखेरचा हा आमचा पाचवा शनिवार होता.

पूल उतरल्यावर सिग्नल लागतो. तिथे चालणाऱ्यांना बटण दाबावं लागतं. शिफ्रा बटण दाबायची नाही, दुसऱ्याला दाब असं सांगायचीही नाही. नुसती उभी राहून आभाळाकडे बघायची.

"अगदी वेळेवर पलीकडे जायचं मनात आलं बघ माझ्या," असं म्हणून मी बटण दाबायची.

"किती शहाणी तू," ती म्हणायची, आभाळाकडेच बघत.

सिग्नलच्या पलीकडे बागेत एक बाक आहे. त्या बाकाखाली तारेने बांधलेला पत्र्याचा डबा, त्यात दोन जेवणांपुरत्या कडक, बिनखमिराच्या पोळ्या. हा डबा तिने ठेवलेला. शब्बाथला आपल्या गावाच्या वेशीपासून दोन हजार हातांच्या पलीकडे चालायचं नाही असा त्यांचा नियम. पण शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या हद्दीतच कुठे आपली भाकरी ठेवली, तर शब्बाथपुरतं तेच आपलं घर धरतात आणि हात तिथून मोजतात. मग पलीकडचं गाव ओलांडता येतं. दर शुक्रवारी कामावरून सुटली की ती इथवर येऊन डबा बघून जायची.

लहानपणी पेणला असताना आईच्या तोंडी मी शनिवार तेल्यांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यू तेल्यांचं, ऐकलं होतं. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक दारातून परत गेलं तरी बंद. आई ते कौतुकाने सांगायची. ते मला त्या खिडकीत बसून आठवलं नाही.

शिफ्राने वाकून डब्याकडे बघितलं. "आहे घर जागेवर," ती म्हणाली. मग हसत सुटली. "गंमत बघ. तुमच्या नियमाने आयोवाची व्हावी म्हणून मी आयोवात झोपते. आणि आयोवात झोपून देवापर्यंत पोचायचं तर आमच्या नियमाने नेब्रास्कात घर करावं लागतं. समितीने विचारलं, बाई, शनिवारी तुमचा पत्ता काय, तर मी त्यांना या बाकावर आणून बसवणार."

"अगं वेडी की काय! हे कशाला सांगायचं?"

"विचारलं तर सांगीन."

"नाही विचारणार कुणी. तू आपणहून तोंड उघडू नकोस म्हणजे झालं. पान भरून लिहिलंस तेवढं पुरे झालं!"

बोलून गेले आणि माझे पाय थांबले. ते पान मी वाचल्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. याआधीच्या चारही शनिवारी मी विषय काढायला गेले होते, आणि ती दर वेळी म्हणाली होती, "आज कामाचं बोलायचं नाही, वत्सला." दर वेळी मला सुटल्यासारखं झालं होतं. आताही तिने हात वर केला, पण मी थांबले नाही.

"तो कागद मी लावला, शिफ्रा. त्या फायलीत. गोल मी केले. माझं तुझ्याशी काही वाकडं नव्हतं, मला नुसतं बघवलं नाही."

आम्ही चालत राहिलो. पुढच्या सिग्नलला ती आभाळाकडे बघत उभी राहिली आणि मी बटण दाबायला विसरले. गाड्या जात राहिल्या. बऱ्याच वेळाने एक सायकलवाला आला, त्याने दाबलं. "झोपलात का काय, बायांनो?" तो म्हणाला.

फाटकाशी आल्यावर तिने रुमाल सारखा केला. "शब्बाथ शालोम. बाकीचं उद्या," एवढं बोलून आत गेली.

रविवारी सकाळी मामांची जुनी गाडी दारात आली. मामा गाडीतच बसून राहिले, खिडकीतून ओरडत, "लवकर आटप गं! माझ्या वयात माणसाने वाट बघायची नसते!" माझं देवघर बाहेरच्या खोलीत आहे. मूर्तींकडे बघायचं नाही म्हणून शिफ्रा नजर खाली ठेवून तिथून गेली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. आमच्या भांड्यातलं खाणं तिला चालत नाही, म्हणून मी काचेच्या पेल्यात पाणी दिलं.

तिने पेला तोंडाला लावायच्या आत मी म्हटलं, "उद्या ऑफिस मीच उघडते. सात वाजता कुणी नसतं. तो कागद मी काढून टाकते. फाइल होती तशी होईल, कुणाला कळणार नाही."

"वा. तुझ्या एकटीचं पाप होतं, ते दोघींचं होईल." ती पाणी प्यायली. "मला माहीत होतं, वत्सला. कागद मी तुझ्याच हातात दिला होता ना. दुसरं कोण लावणार?"

"मग माझ्याबरोबर चाललीस कशाला?"

"तू बटण दाबतेस."

ती हसली. मला हसू येईना. मग ती पेला दोन्ही हातांनी फिरवत राहिली.

"पाच शनिवार तुझ्या ओठांवर ते यायचं आणि मी अडवायची. शब्बाथ होता हे खरं. पण मला ऐकायचंही नव्हतं. ऐकलं की राग करावा लागतो, आणि या गावात मला चालायला दुसरं कोण आहे?"

बाहेर मामांनी हॉर्न वाजवला. ती उठली नाही.

"आता ऐक. समितीपुढे मी तुझं नाव घेणार नाही. दुसऱ्याचं वाईट सांगायचं नाही, आणि ते खरं असलं तर मुळीच सांगायचं नाही, असं मला आईने शिकवलंय. पण तो कागद त्या फायलीत चुकीने आला हे कुणी सांगितलं नाही, तर मी हरले. तुझी चार वर्षं राहिलीत नोकरीची, तेही मला माहीत आहे. म्हणून सांगत नाही, मागतेय. मंगळवारी दहा वाजता त्या खोलीत ये. माझ्या शेजारी बसू नकोस, समोर बस. आणि कुठल्या खिडकीतला कागद कुठल्या खिडकीत गेला आणि कुणी नेला, ते तुझ्या तोंडाने सांग."