‘काढा’ नावाचे बटण

२००७ सालच्या उन्हाळ्यात वसमतमधल्या एका पशुसेवा संस्थेच्या कॉम्प्युटरवरून जनावरांची टिपणे गायब होऊ लागली. संस्थेने टिपणे मोबाईलवर घेऊन फार दिवस झाले नव्हते. संस्थेच्या प्रमुख डॉ. वाघमारे मॅडम यांनी मला फोन केला.

“तुमचे मोबाईल सुरू झाले आणि माझा कॉम्प्युटर रिकामा व्हायला लागला. या.”

हे सॉफ्टवेअर मी तयार केले होते. नाव साधेच होते, ‘टिपण’. प्रत्येक जनावराचे एक टिपण. मालक कोण, आजार कोणता, औषध काय दिले आणि कोणते औषध त्याला सोसत नाही. कॉम्प्युटरवर ते बिनबोभाट चालत होते. अडचण एवढीच, की कॉम्प्युटर वसमतला आणि जनावर गोठ्यात. गावोगाव फिरून प्रथमोपचार करणारे संस्थेचे पशुसेवक ऑफिसला फोन करून टिपण वाचून घेत. त्यांतल्या साखरा गावच्या विमलबाईंना मात्र बहुतेक वेळा लाईनच मिळत नसे. मग त्या अंदाजाने औषध देत, किंवा देत नसत. म्हणून टिपणे त्यांच्या हातातल्या फोनवर न्यायची ठरली.

तेव्हाचे फोन बटणांचे. स्क्रीन काडेपेटीएवढी. त्यात देवनागरी अक्षरे दिसणारे मॉडेल शोधून संस्थेने फोन घेतले. कॉम्प्युटरवरचे सगळे त्या स्क्रीनवर मावणे शक्य नव्हते. जनावरांची यादी ठेवली आणि तळाशी दोन शब्द. डावीकडे ‘काढा’, उजवीकडे ‘मागे’. या शब्दांखालची बटणे दाबली की ते काम होते. त्यांना सॉफ्ट की म्हणतात. टिपण वाचायचे तर मधले गोल बटण दाबायचे, असे ट्रेनिंगमध्ये सांगितले होते. कॉम्प्युटरवर ‘काढा’शेजारी कचरापेटीचे चित्र होते. फोनवर जागा नव्हती, चित्र गेले.

दर शनिवारी पशुसेवक वसमतला येत. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला की दोन्हीकडची टिपणे सारखी होत. याला सिंक म्हणतात. सिंकमध्ये नवे टिपण फोनमधून कॉम्प्युटरवर येते. फोनमध्ये पुसलेले टिपण कॉम्प्युटरवरूनही जाते.

गेलेली टिपणे परत आणणे सोपे होते. ‘टिपण’ कोणतीही नोंद लगेच नष्ट करत नाही, खूण करून नुसती लपवते. मी खुणा उठवल्या. सगळी जनावरे स्क्रीनवर परत आली. त्यांत जवळा बाजार गावची एक गाभण म्हैस होती. मागच्या वेताला एका इंजेक्शनाने तिला धाप लागली होती. मॅडमनी इंजेक्शनाचे नाव वाचले आणि तिथल्या पशुसेवकाला, दत्तरावांना, लगेच कळवले.

“ही म्हैस मला आठवत होती म्हणून शोधली,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचं काय? येत्या शनिवारी कारण सांगा. नाहीतर फोन परत. आपला कागद बरा.”

मी फोनची मेमरी तपासली. केबल बदलली. सिंक चालू असताना मध्येच बॅटरी काढून पाहिली. टिपणे जागच्या जागी होती.

शनिवारी दत्तराव आणि विमलबाई ऑफिसात बसले होते. विमलबाईंनी फोन पदरात धरला होता.

“हा घेऊ नका बरं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “लाईन लागंना म्हणून गोठ्यात किती डाव नुसती उभी राहिले मी.”

“तुम्ही टिपण डिलीट केलं होतं का?” मी विचारले.

“न्हाई बा! मी काहून करू?”

“मग तुम्ही, दत्तराव?”

“फोनच गिळून राहिला, साहेब. म्हशीचं नाव दिसलं. म्हणलं काढून पाहावं. तर म्हैसच गायब.”

“फोननं काही विचारलं असेल ना?”

“विचारलं की. ‘नक्की काढू का?’ म्हणे. म्हणलं व्हय, काढ बाबा. त्याच्यासाठीच तर दाबलं!”

मॅडम वैतागल्या होत्या. “ते राहू द्या. आधी कपाटातून मागच्या वर्षीची फाईल काढा. काय काय गेलं होतं ते ताडून पाहू.”

मी उठलो. फाईल काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

मॅडमनी फाईल उघडली नाही. त्या दत्तरावांच्या हातातल्या फोनकडे पाहत होत्या.

“मी तुम्हाला काय म्हणाले?”

“फाईल काढा.”

“आणि तुम्ही ती चुलीत नाही घातली.”

पहिल्यांदा विमलबाई हसल्या. मग दत्तराव. मग मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

मराठीत काटा काढला की तो जातो आणि फाईल काढली की ती समोर येते. पशुसेवकांना टिपण वाचायचे होते. मधल्या बटणावर काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून त्यांनी शब्द लिहिलेले बटण दाबले. फोननेही सांगितलेले बरोबर केले होते.

नवे शब्द तिथेच ठरवायला घेतले. संस्थेचा कारभार मराठीत, तेव्हा शब्दही मराठीच हवे होते. वाचण्यासाठी मी ‘उघडा’ सुचवला.

“उघडा कोण?” विमलबाई म्हणाल्या. “दत्तराव व्हय? उन्हाळ्यात ह्यांच्या अंगात बनियनबी नसतंय.”

“मॅडमसमोर काहून सांगता, बाई,” दत्तराव म्हणाले.

‘पाहा’ ठरला. टिपण घालवण्यासाठी मॅडमनी ‘पुसा’ सुचवला.

“कोणाला पुसायचं?” दत्तरावांनी विचारले. त्यांच्याकडे पुसणे म्हणजे विचारणेही होते.

“मग ‘खोडा’ लिहा,” मी म्हणालो.

आता मॅडमच हसू लागल्या. उपचाराच्या वेळी जनावर ज्या लाकडी चौकटीत अडकवतात, तिला खोडा म्हणतात. तो संस्थेच्या अंगणातच रोवलेला होता. बटण दाबल्यावर फोन म्हशीला त्यात उभी करील, अशी दत्तरावांना शंका होती.

“तुमच्या घरात काय म्हणतात?” मॅडमनी विचारले.

“डिलीट,” दोघे एकदम म्हणाले. “पोरं म्हणतात. डिलीट मार.”

‘डिलीट’ देवनागरीत लिहिले. ‘पाहा’ डावीकडे आणला आणि ‘डिलीट’ आतल्या मेनूत टाकला. प्रश्नही बदलला. ‘नक्की काढू का?’ ऐवजी ‘हे टिपण कायमचं जाईल. चालेल?’ मॅडमनी आणखी एक आठवडा दिला. तेव्हापासून बटणावरचा शब्द ठरवण्याआधी तो वापरणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची पद्धत मी ठेवली आहे. वेळ जातो, पण फुकट जात नाही.

पुढच्या शनिवारी फोन एकेक करून केबलला लावले. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. विमलबाईंचा फोन पहिला. एकही टिपण गेलेले नव्हते. बाकीच्या फोनमधूनही काही गेले नव्हते.

दत्तरावांच्या फोनमध्ये म्हशीच्या टिपणात दोन नव्या ओळी होत्या. मॅडमनी त्या मोठ्याने वाचल्या. ‘म्हैस व्याली. वगार झाली. ते इंजेक्शन दिलं न्हाई. दोघी बऱ्या आहेत. मालकानं मॅडमसाठी खरवस दिला, डबा माझ्यापाशी आहे.’

फोन परत गेले नाहीत. दत्तरावांनी पिशवीतून डबा बाहेर घेतला. खरवस सगळ्यांना पुरला.