आतोबांच्या मुंग्या

वऱ्हाडातल्या तमाम माणसांनी मिळून मुंग्यांचा जेवढा राग केला असेल, तेवढीच माया आमच्या आतोबांनी एकट्यानं त्यांच्यावर केली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जळगाव जामोदच्या शाळेत भूगोल शिकवून पेन्शनीत निघालेले. रस्त्यानं ते खाली मान घालून चालत आणि गाव त्याला विनय समजे. प्रत्यक्षात ते मुंग्यांची रांग शोधत असत. एकदा लग्नाला निघालेल्या सात गाड्या त्यांनी शिवेवर अडवल्या, कारण मुंग्या अंडी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मुहूर्त टळला. नवरदेवाच्या बापानं तोंड सोडलं, तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले, "तुमच्याजवळ एक पोरगा आहे. त्याइच्याजवळ दोनशे आहेत."

लढाईच्या दिवसांत, साखर रेशनवर मिळत असताना, त्यांनी मुंग्या घरातच पाळायचं ठरवलं. तसबिरी मढवणाऱ्या करीमभाईंना त्यांनी काचेची पेटी सांगितली. "मास्तर, इसमें तसबीर किसकी बैठेगी?" करीमभाईंनी विचारलं. आतोबा म्हणाले, "राणी की." करीमभाईंना विलायतेची राणी वाटली. त्यांनी पेटीला चहूबाजूंनी सोनेरी पट्टी मारून दिली आणि देताना पेटीला सलामही केला.

तळाशी खडे, त्यावर कोळशाचा चुरा, मग माती. वर विहिरीच्या दगडावरचं शेवाळ आणि सातपुड्याच्या पायथ्याहून आणलेली नेच्याची इवली रोपं. पेटी तिपाईवर ठेवली आणि तिपाईचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आत्या शेजारणींना सांगे, लोकं मुंग्या येऊ नये म्हणून पाणी ठेवतात, आमच्याकडे त्या जाऊ नये म्हणून ठेवतात.

एवढं करून राणीच आणायची राहिली होती. महिनाभरात मुंग्या एकेक करून मेल्या आणि आतोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुदळ घेऊन ते ओळखीच्या पाटलाच्या बांधावर खणू लागले. मास्तरांना गुप्तधनाचा नकाशा सापडला अशी बातमी फुटली. भूगोलाचे मास्तर म्हटल्यावर कुणाला शंकाही आली नाही. दुपारपर्यंत वीसेक माणसं खणत होती. अखेर आतोबांनी काहीतरी हळूच चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि पाटलानं अर्धा वाटा मागितला. डबी उघडून दाखवल्यावर तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

राणी आली आणि पेटी नांदती झाली. आतोबा बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. त्यांच्या वाट्याची साखर पेटीत जाई. आत्या धुमसत होती. पण एका सकाळी ती तांदूळ निवडायचं सूप घेऊनच पेटीपुढे बसली. मुंग्या अंडी उचलून उबेकडे नेत होत्या.

"हे लेकरं सगळे राणीचेच काय हो?" तिनं विचारलं.

"हाव. पण तिले फक्त जनम देनं माहीत. खाऊ घालनं, उबेत नेनं, सारं ह्या बाकीच्या करतात. ह्याइले सोताचं लेकरू नसते."

आत्यानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. तिला मूलबाळ नव्हतं. मी रांगत होतो तेव्हा माझी आई गेली, आणि मला वाढवलं ते आत्यानं. पेटीपुढच्या त्या सकाळपासून तिनंही चहातली साखर सोडली.

पुढे दोन वर्षांनी आतोबा गेले. मला वाटलं, आत्या आता पेटी शेतात नेऊन ठेवायला सांगेल. तिनं सांगितलं नाही. मी शिकायला खामगावला होतो, तिथून सुटीत गेलो की ती पेटीपाशीच बसलेली असे. एकदा मी विचारलं, राणी आहे का गं अजून?

तिनं पदरानं काच पुसली. "मले काही दिसली नाही, बापू," ती म्हणाली. "माहं ध्यान त्या लेकरं उचलनाऱ्याइकडंच रायते."