टॅक्सीभोवती एक फेरी

कॅप्टनकाकांना स्वस्थ बसलेलं मी पाच वर्षांत एकदाच पाहिलं. एरवी त्यांच्या पायाला भिंगरी. सिंगापुरात बुकित बातोकला आमचे फ्लॅट समोरासमोर होते. चहाला बोलावलं की कप हातात घेऊन ते हॉल ते स्वयंपाकघर येरझारा घालत, आणि माझी बायको फरशीवरचे चहाचे थेंब पुसत मागे. काकू म्हणायच्या, "सप्तपदीला यांनी चौदा पावलं टाकली. भटजींनी थांबवलं म्हणून, नाहीतर मांडवाबाहेर गेले असते."

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी छोट्या विमानातून टपालाच्या थैल्या नेल्या, मग बरीच वर्षं प्रवासी, आणि उतारवयात सिंगापूरहून मालवाहू विमान. पण मन अडकलेलं त्या थैल्यांतच. "प्रवासी उशीर झाला की भांडतो," ते म्हणत, "थैली बिचारी गप्प असते. म्हणून तिची काळजी आपण करायची."

उड्डाणाआधी विमानाभोवती पायी एक फेरी मारून सगळं डोळ्यांखालून घालायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम. काकांनी तो टॅक्सीलाही लावला. सकाळी आम्ही कधी एकत्र निघालो की मी आत बसून घड्याळ बघतोय आणि हे बाहेर चाकं न्याहाळतायत. एका टॅक्सीवाल्याने विचारलंच, "अंकल, यू बायिंग माय टॅक्सी, आह?"

"नो, नो. ओन्ली सिटिंग," काका म्हणाले, आणि मागच्या चाकात रुतलेला खिळा त्याला दाखवला. मला ऑफिसला उशीर झाला. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू?

विमान जमिनीवर असताना वेग मोजणाऱ्या नळीवर लाल फितीचं टोपण घालतात, हे त्यांनीच मला सांगितलं. ते न काढता उडालं तर वेगच कळत नाही. "खाली उभा असलेला माणूस हात वर करून सांगतो, सगळं ठीक. मगच मी हलतो. त्या हातावर माझा जीव असतो रे."

पासष्टी आली की उडणं बंद, हा कायदा. काकांच्या हातात सात महिने उरले होते आणि ते एकेक उड्डाण पुरवून पुरवून खात होते. अशात एका सकाळी ते आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर दिसले. बसलेले. मी घाबरून शेजारी टेकलो.

"काल टोपण राहिलं," ते म्हणाले. "फेरी मारली मी. त्याच्यासमोरून गेलो आणि दिसलं नाही. को-पायलटने काढलं. म्हणाला, सर, मी कुणाला सांगणार नाही."

"मग झालं तर! कुणाला कळणार आहे?" मी म्हणालो.

"मला कळलं ना."

त्यांनी स्वतःच कंपनीला लेखी कळवलं होतं आणि त्याच कागदावर, यापुढे उडणार नाही, असंही लिहून टाकलं होतं. मी वेड्यासारखा समजावत राहिलो. ते तासभर बसून होते. मला त्यांची ती येरझार, ते चहाचे थेंबसुद्धा हवेसे वाटले.

नोकरी सुटली, तसा तिथे राहण्याचा पासही संपला. नागपूरला परतायच्या दिवशी मी त्यांच्या बॅगा खाली आणल्या. टॅक्सी आली. काकूंनी माझ्या बायकोला मिठी मारली. आणि काका मान खाली घालून सरळ दार उघडून आत बसले. चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वन मिनिट, अंकल," असं ड्रायव्हरला सांगून मी निघालो. पुढचं चाक, मागचं चाक. डिकी नीट लागलीय ना, ते दाबून पाहिलं. पलीकडच्या बाजूची दोन्ही चाकं वाकून पाहिली. इतकं सावकाश मी आयुष्यात काही केलं नसेल. मग समोर येऊन उभा राहिलो आणि हात वर केला.

काचेआड काका ताठ बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात कपाळाशी नेऊन सलाम केला, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ओके. नाऊ गो."