देणाऱ्याचे नाव आधी पुकारा

ॲड. शैलजाताई गांगल यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठी माणसे लिहिणार आहेत. त्यात वकिलाच्या कारकुनाचे काय काम, असे मी समितीला विचारले. उत्तर आले, "बाईंची बोलणी सगळ्यांत जास्त तुम्हीच खाल्लीत, तुम्ही लिहाच." हे मात्र खोडून काढता येण्यासारखे नव्हते.

त्यातली पहिली बोलणी मी ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत खाल्ली. तेव्हा मी मुंबईत एका कुरिअरच्या गोदामात कामाला होतो. आईचा फोन आला, की आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पोलिसांनी जबाबासाठी नेले आहे. धावतपळत आलो तेव्हा आप्पा घरी परतले होते, पण अन्नाला शिवत नव्हते. वाडीत कोणी मोठ्याने हसले तरी ते आपल्यालाच हसत आहेत, असे त्यांना वाटे. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी महाडला बाईंच्या ऑफिसात गेलो.

प्रकरण असे होते. आमची वाडी वरंधच्या रस्त्यावरून वर डोंगरात आहे. गावदेवी काळकाई. नवस फेडायला लोक देवीपुढे हंडे, साड्या, कोंबडे, काय वाटेल ते ठेवतात आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवस्थान समिती त्याचा लिलाव करते. देवीपुढे ठेवलेले कोणी ठेवले, हे विचारायचे नाही, अशी जुनी रीत. आणि लिलावात घेतलेल्या वस्तूवर घरी नेल्याबरोबर 'आई काळकाईचा प्रसाद' असे रंगवायचे, ही दुसरी रीत. एका जत्रेत कोणी तरी हार्मोनियम ठेवली होती. भजनात पेटी वाजवणारे आमच्या वाडीत एकटे आप्पाच, म्हणून त्यांनी हौसेने बोली लावली आणि ती घेतली. तिच्यावर कसले तरी नाव अर्धवट खरवडलेले होते. आप्पांनी उरलेली अक्षरेही काचकागदाने घासून साफ केली आणि वर लाल रंगाने देवीचे नाव घातले.

पुढे नाते भागातल्या एका गावात सप्ताहाला आमचे भजनी मंडळ गेले. आप्पांनी पेटीवर सूर धरला आणि तिथले पेटीवाले म्हातारे उठून उभे राहिले. त्या पेटीचा एक सूर किंचित घरघरत असे. "ही आमची पेटी हाय," ते म्हणाले. ती त्यांच्या देवळातून चोरीला गेली होती आणि तशी तक्रारही नोंदलेली होती. पेटी जप्त झाली. तपास करणाऱ्या हवालदारांचा प्रश्न एकच होता, "लिलावाची पावती आहे, ठीक. पण मालकाचं नाव घासून का काढलंत?"

मी मुंबईचे पाणी प्यायलेला. बाईंसमोर बसताच मी तोडगा सांगितला, की घेतली तेव्हाच पेटीवर काही नाव नव्हते, असे आप्पांनी सांगावे. बाईंनी चष्मा काढला. "खोटं बोलायला वकील लागत नाही. ते तुम्ही घरबसल्याही जमवलं असतंत. मग एस.टी.चं तिकीट कशाला काढलंत?" मग त्या आप्पांकडे वळल्या आणि आवाज एकदम मऊ करून त्यांनी विचारले, "आप्पा, पेटी वाजते कशी?"

तीन दिवसांत आप्पा पहिल्यांदा धड बोलले. कोणता सूर घरघरतो, भाता किती हलका आहे, दर गुरुवारी देवळात ते काय म्हणतात, सगळे सांगितले. बाई ऐकत होत्या आणि लिहून घेत होत्या. मला वाटले, बाई वेळ घालवताहेत. नंतर कळले, की आप्पा पेटी लपवून ठेवत होते की चारचौघांत वाजवत होते, हेच त्यांना काढून घ्यायचे होते.

मग त्यांनी समजावले. "तुम्ही चोर नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर गुन्हा. पण पेटीही तुमची नाही. जिच्यावर चोराची मालकी नव्हती, ती तो देवीला देऊ शकत नाही आणि समिती तुम्हाला विकू शकत नाही. लिलावात घेतली म्हणून ती धुतली जात नाही."

"देवीच्या म्होरं घेतली तरी?" आप्पांनी विचारले.

"देवीच्या म्होरं घेतली तरी. पण तुम्ही दिलेली किंमत तुम्हाला समितीकडून परत मागता येते. तो तुमचा हक्क आहे."

आप्पांनी दोन्ही कानांना हात लावले. "आयेकडना परत मागू? नाय बाय, ह्ये माज्याच्यानं व्हनार नाय."

दुसऱ्या कोणी वकिलाने एक तर हट्ट केला असता, नाही तर विषय सोडला असता. बाई म्हणाल्या, "हक्क सोडायचा तर सोडा. पण तो आहे हे जाणून सोडा. माहीत नव्हता म्हणून सुटला, असं नको." आणि तसे त्यांनी कागदावर लिहायला लावले. आप्पांनी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणून मी लिहिले. बाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "अक्षर बरं आहे हो तुझं. डोकं नंतर बघू." गोदामातली नोकरी सोडून मी त्यांच्याकडे आलो, तो त्या वाक्यावर.

राहिला नाव घासून काढल्याचा प्रश्न. बाई तेव्हा साठीच्या होत्या. हवालदारांना विनंती करून, त्यांना बरोबर घेऊन त्या आमचा डोंगर चढल्या. वाटेत तीनदा बसल्या, पण चढल्या. घराघरांत जाऊन त्यांनी फक्त एकच म्हटले, "देवीचा प्रसाद दाखवा." हंडे आले, शिडी आली, भिंतीवरचे घड्याळ आले, सगळ्यांवर तीच लाल अक्षरे. शेवटी एका बोकडाच्या गळ्यातल्या पट्ट्यावरही ती निघाली तेव्हा हवालदारांना हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साहेब, नाव लपवायचं असतं तर हा माणूस पेटी घेऊन मालकाच्याच गावात भजनाला गेला असता का?" आप्पांचे नाव संशयितांत जायचे ते साक्षीदारांत गेले. त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

न्यायालयाच्या हुकमाने पेटी मूळ मंडळाला मिळाली. त्या पेटीवाल्या म्हाताऱ्यांनी देवीचे नाव पुसले नाही, त्याखाली आपल्या मंडळाचे नाव घातले. सप्ताहाला आजही ते आप्पांना बोलावतात आणि पेटी त्यांच्यापुढे सरकवतात.

बाई मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी समितीला सांगितले, "पुढच्या लिलावात देणाऱ्याचं नाव आधी पुकारा, मग बोली." जाणती मंडळी कुरकुरली, की गुप्तदानाचे काय? बाई म्हणाल्या, "पैसे गुपचूप टाका की! पण वस्तू विकायची तर ती कुठून आली, हे विकणाऱ्याला ठाऊक हवं." तेव्हापासून आमच्याकडे नाव पुकारले जाते.

त्यांच्या स्वभावाबद्दल लिहायचे तर पानेच्या पाने भरतील. पक्षकारांना त्या एस.टी.च्या वेळा बघून वेळ देतात. पोलादपूरकडच्या वाड्यांतल्या माणसाची गाडी जवळ आली, की शहरातला बडा पक्षकारही बाहेर थांबतो. एका म्हातारीची शेवटची गाडी चुकली तेव्हा बाईंनी तिला घरी ठेवून घेतले, आणि सकाळी "माझ्याच लांबणीमुळे चुकली" म्हणून तिचीच माफी मागितली. माझी मात्र आजवर एकदाही मागितलेली नाही. तशी वेळही फारशी आली नाही, हे कबूल करतो.

आता त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी काठी सांगितली आहे, आणि बाई ती घेत नाहीत. "काठी घेतली की लोक म्हातारी म्हणतात," असे त्या म्हणतात, पंचाहत्तराव्या वर्षी!

यंदाच्या जत्रेत देवीपुढे शिसवीची एक काठी होती. लिलावाला समितीच्या अध्यक्षांनी ती उचलली आणि रीतीप्रमाणे देणाऱ्याचे नाव पुकारले. ते आप्पांचे होते. ज्या नावाने एकदा वाडीत कुजबूज झाली होती, ते सगळ्या वाडीसमोर खणखणीत पुकारले गेले आणि आप्पा ताठ बसून ऐकत होते. बोली मी एकट्याने लावली. माझ्या बोलीवर चढवायला कोणी तयारच नव्हते, कारण काठी कोणासाठी आहे हे साऱ्या वाडीला माहीत होते.

बाई, ही काठी आता तुमच्या दारी येत आहे. पावती आहे, देणारा ठाऊक आहे, अक्षरे लाल आहेत आणि माल चोरीचा नाही. तिच्या आधाराने तुम्ही शंभरी गाठावी, आमचा डोंगर पुन्हा चढावा आणि मला आणखी पुष्कळ बोलणी द्यावीत, हीच काळकाईजवळ मागणी. काठी नको म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो तुम्ही जाणून सोडावा.